परतीची वेळ

मित्रांनो, आज मला पाहिलंत तर मी कधी कुणाच्या उपयोगी पडलो असेन हे तुम्हाला पटणार नाही. रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयामागे अडगळीची खोली आहे. तिथे मोडक्या बाकांखाली, भिंतीकडे तोंड करून मी पडलो आहे. मी एक जुना संगणक. हल्लीच्या पडद्यांसारखा माझा पडदा पातळ नाही, त्याला मागे भलंमोठं पोट आहे. खाऱ्या हवेने माझे स्क्रू गंजले आहेत आणि पेटीत मुंग्यांनी घर केलं आहे. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. यंत्र म्हटलं की ते कधीतरी बंद पडायचंच. मला वाईट वाटतं ते एका मुलीचं. तिचं नाव रसिका. माझी गोष्ट सांगायची तर तिचीच सांगावी लागेल.

माझे अवयव निरनिराळ्या देशांत तयार झाले आणि पुण्याच्या एका दुकानात कुणीतरी ते जुळवले. २००३ साली कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणमार्गे, गवताच्या पेंढ्यात बसून मी इथे आलो. माझ्याबरोबर आणखी तीन भावंडं होती. आम्हाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. प्राचार्य म्हणाले, "आता जग आपल्या दारात आलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही अभिमान वाटला.

पण त्या दारातून कोण आत येतं, हे मला हळूहळू दिसू लागलं. ग्रंथालयातली आमची खोली संध्याकाळी पाचला उघडायची, कारण संगणकाचे सर तेव्हा मोकळे होत. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक साडेसहाला बंद व्हायचं आणि तिथवर चालत जायला बराच वेळ लागायचा. पाच वाजता मुलं धावत येऊन खुर्च्या धरत. मुली मागे उभ्या राहत, वाट पाहत, घड्याळ पाहत आणि निघून जात. मुलींनी संगणकावर बसू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तसं लिहायची कुणाला गरजच पडली नव्हती.

चार वर्षं अशीच गेली. मग समाजशास्त्र शिकवायला पद्मजा मॅडम आल्या. त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जितके तास शिकवतील तितकाच पगार, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. त्यांनी एम.ए.च्या मुलांना एक नवीनच काम दिलं. उच्च शिक्षणात स्त्री-पुरुष समानता आहे का, यावर प्रत्येकाने ब्लॉग लिहायचा. "पुस्तकातलं उतरवू नका," त्या म्हणाल्या. "ते मी वाचलेलं आहे. तुम्ही काय पाहता ते लिहा."

रसिका जाधव तेव्हा माझ्यासमोर पहिल्यांदा बसली. ती गुहागर तालुक्यातली, वेळणेश्वरच्या बाजूची. वडील दत्ताराम आणि थोरला भाऊ प्रमोद मुंबईला नोकरीला, आई प्रभावती गावी. त्यांच्या वाडीतून एम.ए.पर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. तिची मैत्रीण सावनी रत्नागिरीतच राहायची, तिच्या वडिलांच्या हापूसच्या बागा होत्या. सावनी तास संपताच पुढे येऊन तिच्यासाठी माझ्यासमोरची खुर्ची धरून ठेवायची. रसिका एका बोटाने टाइप करायची. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटायचं. पहिल्यांदा तिने स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा 'रासीका' उमटलं. दोघी इतक्या हसल्या की ग्रंथपालांनी दारातून डोकावून पाहिलं.

ब्लॉगला तिने नाव दिलं, 'परतीची वेळ'. आणि खाली स्वतःचं नाव दिलं, आडनावासकट. इतर बऱ्याच जणांनी टोपणनावं घेतली होती.

तिने लिहिलेलं मला अजून आठवतं. एकदा तिने लिहिलं, "दादाला बारावीनंतर सगळ्यांनी विचारलं, काय शिकणार? मला विचारतात, अजून किती शिकणार?" गॅदरिंग झाल्यावर लिहिलं, "रांगोळी मुलींनी काढली. पाहुण्यांना पुष्पगुच्छ मुलींनी दिले. पाहुण्यांशी चर्चा मुलांनी केली. परीक्षेत समानतेवर वीस गुणांचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर सगळ्यांना येतं."

आधी फक्त पद्मजा मॅडम वाचायच्या. मग कुठून कुठून माणसं येऊ लागली. राजापूरचा एकजण दुबईहून लिहायचा. हर्णेच्या एका बाईंनी मुलीकडून लिहून घेतलं होतं, "मी बंदरावर मासळीच्या लिलावात ओरडून बोली लावते. तिथे कुणी मला गप्प बस म्हणत नाही. ग्रामसभेत तोंड उघडलं की म्हणतात. माझी मुलगी मला तुझं वाचून दाखवते. तू लिही." ते वाचून रसिका दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती पडद्याकडे पाहत राहिली. मित्रांनो, यंत्राला सुख होत नाही म्हणतात. पण त्या दिवशी मला वाटलं, आपण ज्यासाठी घाट उतरून आलो ते हे.

एका संध्याकाळी ती लिहीत असताना वीज गेली. तिने लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. वीज आल्यावर तिने ते पुन्हा लिहिलं आणि तिला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी तिने सावनीला माझ्यासमोरच सांगितलं ते असं. वसतिगृहाच्या रेक्टर यमुनाबाई फाटकाशी उभ्या होत्या. "काय गो, घड्याळ घरी ठेवून आलीस?" त्यांनी विचारलं.

"ग्रंथालयात होते, बाई. लाइट गेले म्हणून उशीर झाला."

"ग्रंथालयातच होतीस याला साक्षीदार कोण?"

साक्षीदार मी होतो. पण मला कोण विचारणार?

यमुनाबाईंनी तिला काळोख पडेपर्यंत फाटकाबाहेर उभं केलं. येणारेजाणारे बघत होते. मग गावी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप गेला, तुमची मुलगी वेळेवर परतत नाही. एवढंच. कुठून परतत नाही ते सांगितलं नाही. प्रभावतीबाईंनी तो निरोप चारचौघांत ऐकला.

रसिकाने ते सगळं लिहिलं. यमुनाबाईंबद्दल एकही वाईट शब्द वापरला नाही. शेवटी लिहिलं, "मुलांच्या वसतिगृहाचं फाटक कधी बंद होतं, हे मी वर्गातल्या तिघांना विचारलं. तिघांनाही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही."

रत्नागिरीतल्या एका दैनिकाने तो मजकूर तिच्या नावासकट छापला. महाविद्यालयात जिकडेतिकडे तीच चर्चा सुरू झाली. त्याच आठवड्यात पद्मजा मॅडमनी मुंबईच्या एका परिसंवादात निबंध वाचायला रसिकाचं नाव सुचवलं. दरवर्षी तिथे अपूर्व जायचा. अपूर्व वर्गातला पहिला, वक्तृत्वाच्या ढाली जिंकणारा. समानतेवर तर तो असं बोलायचा की परीक्षक मान डोलवत. मुलगा वाईट नव्हता. सावनीला आणि रसिकाला मराठी टाइप करायला त्यानेच शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी मुली निघून गेल्यावर तो माझ्यासमोर बसला. त्याने रसिकाचं पान उघडलं, खाली आपलं नाव न देता 'एक हितचिंतक' असं घातलं आणि लिहू लागला. ते शब्द मी तुम्हाला सांगणार नाही. सुरुवातीला ते तिच्या येण्याजाण्याबद्दल होते. मग तिच्या चारित्र्याबद्दल. शेवटी तिच्या आडनावाबद्दल आणि तिच्या वाडीबद्दल, म्हणजे तिच्या जातीबद्दल. लिहून झाल्यावर त्याने मागचे पुढचे सगळे माग पुसले आणि खुर्ची नीट आत सरकवून गेला. त्या शब्दांखाली आणखी कुणीकुणी आपली घाण आणून टाकली. ती माणसं कोण होती ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी रसिकाने ते माझ्याच पडद्यावर वाचलं. ती रडली नाही. तिने ओढणीचं टोक हातात घेतलं आणि माझा पडदा पुसला. धूळ बसली असावी तसा, वरपासून खालपर्यंत पुसला. मग पुन्हा वाचलं.

सावनी म्हणाली, "काढून टाक गं ते. तुला काढता येतं."

"राहू दे. मी काय लिहिलं आणि मला काय उत्तर मिळालं, ते दोन्ही दिसू दे लोकांना."

"अगं पण कुणी लिहिलं असेल?"

"असेल कुणीतरी. रोज माझ्याशी बोलत असेल."

अपूर्व दोन खुर्च्या सोडून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

पुढचे काही दिवस व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीपाशी, मुलं-मुली रसिकाला गाठून सांगत, तू बरोबर लिहिलंस. प्राध्यापकसुद्धा हळू आवाजात सांगत. पण त्या घाणेरड्या शब्दांखाली कुणी एक ओळ लिहिली नाही. फक्त पद्मजा मॅडमनी आपल्या पूर्ण नावाने लिहिलं, "ही माझी विद्यार्थिनी आहे. हिने लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे." सावनीने एकदा लिहायला घेतलं होतं. अर्धी ओळ झाल्यावर म्हणाली, "बाबा वाचतील," आणि पुसलं.

एका दुपारी प्राचार्यांनी स्वतः येऊन आमची खोली उघडायला लावली. रसिकाला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर बसवलं.

"तू हुशार मुलगी आहेस," ते म्हणाले. "पण संस्थेची बदनामी होते आहे. हा ब्लॉग बंद कर आणि चार ओळी माफीच्या लिही. विषय संपला."

"सर, यातलं खोटं काय आहे ते सांगा. ते मी आत्ता काढते."

"प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही."

"मग कशाचा आहे, सर?"

प्राचार्य दाराकडे वळले. ते म्हणाले, "विचार कर. नाहीतर वसतिगृहातली जागा सोडावी लागेल." तिने विचार केला असेल, मला ठाऊक नाही. ब्लॉग मात्र तसाच राहिला. आठवड्याभरात तिला खोली रिकामी करायला सांगितलं. परीक्षा तोंडावर आली होती.

कुणीतरी ते खालचे शब्द कागदावर छापून तिच्या गावी पाठवले. मग मुंबईहून प्रमोद आला. कंपनीचा शर्ट तसाच अंगात होता. रसिका त्याला माझ्यापाशी घेऊन आली. त्याने सगळं वाचलं. वरचंही, खालचंही. सावकाश वाचलं.

"तू चुकीचं काय लिहिलं नायस," तो म्हणाला.

"मग दादा?"

"मग काय. आयेला वाचता येत नाय. वाडीतले तिला वाचून दाखवतात. तुझं लिहिलेलं नाय, हे खालचं. ती दार लावून बसलेय."

प्रमोदने खुर्ची मागे सरकवली.

"बाबा बोलले, खोली मिळाली तर परीक्षेपर्यंत राहू दे तिला. मी बघतो."

दोन दिवस तो रत्नागिरीच्या गल्ल्यांतून हिंडला. परत आला तेव्हा चपला धुळीने लाल झाल्या होत्या. "नाव सांगेपर्यंत खोली असते," तो बहिणीला म्हणाला. "आडनाव सांगितलं की ती कालच गेलेली असते."

मग रसिकाने सावनीला विचारलं. तोंड उघडायला तिला किती जड गेलं ते मी पाहिलं. सावनी म्हणाली, घरी विचारते. दुसऱ्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा म्हणाले, घरात जागा नाही."

"बरं," रसिका म्हणाली.

सावनीचं घर मी पाहिलेलं नाही. पण तिने मावशीला पाठवायला त्याचे फोटो माझ्यात ठेवले होते. माडीवर ओळीने खोल्या होत्या. त्या आंब्याच्या दिवसांपुरत्या उघडायच्या. रसिकानेही ते फोटो पाहिले होते. सावनी तिथून उठली ती बाहेर जाऊन जिन्यावर रडत बसली, असं नंतर मुली बोलत होत्या.

निघायच्या दिवशी पद्मजा मॅडम खोलीत आल्या. त्यांनी खुर्ची ओढून रसिकाजवळ घेतली. मग म्हणाल्या, "मी तुला लिहायला लावलं, रसिका. मला वाटलं होतं मी तुझ्या पाठीशी पुरी पडेन."

"मॅडम, तुम्ही सांगितलं नसतं तर मी जन्मभर उशीर झाला म्हणून माफी मागत राहिले असते."

"परीक्षेला तरी ये. मी काहीतरी करते."

"येते," ती म्हणाली. मग तिने माझ्यावरच्या सगळ्या खिडक्या एकेक करून मिटल्या आणि मला नीट बंद केलं. घाईत असणारे मला बटण दाबूनच बंद करत, तशी ती कधी करत नसे. बाहेर प्रमोद तिची बॅग घेऊन उभा होता.

ती परीक्षेला आली नाही. गावाहून रोज जाऊन येणं शक्य नव्हतं आणि आईने अन्न टाकलं होतं, असं सावनी कुणालातरी सांगताना मी ऐकलं. मे महिन्यात तिचं लग्न झालं.

मुंबईच्या परिसंवादाला अपूर्व गेला. उच्च शिक्षणातील समानतेवर निबंध वाचून आला. त्याच्या सत्काराचा फोटो सूचनाफलकावर लागला. त्यानंतर एका संध्याकाळी तो एकटाच माझ्यासमोर बसला. रसिकाचं पान उघडलं आणि आपण लिहिलेलं काढायचा प्रयत्न करू लागला. पण नाव न देता लिहिलेलं त्याला आता काढता येईना. ते काढायचा अधिकार फक्त तिला होता. त्याने खाली लिहिलं, "रसिका, मला माफ कर." मग नाव घालायच्या चौकटीत बोट थबकलं. बराच वेळ ती चौकट रिकामी होती. शेवटी एकेक अक्षर पुसून तो उठून गेला. पुढे तो कुठे नोकरीला लागला असं कळलं. इथे पुन्हा आला नाही.

जूनमध्ये महाविद्यालय उघडलं तेव्हा बाहेरगावची एक तपासणी समिती येणार होती. समिती येण्याआधी बरंच काही बदललं. आमची खोली सकाळपासून उघडी राहू लागली. मुलींच्या फाटकाची वेळ आठ झाली. प्राचार्यांनी समितीला आमच्यापाशी आणून सांगितलं, "आमच्या संस्थेने मुलींसाठी हे पाऊल स्वतःहून उचललं आहे." पाहुण्यांनी समाधान व्यक्त केलं. पद्मजा मॅडम तिथे नव्हत्या. त्यांना त्या वर्षी बोलावलंच नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासमोर आता मुली बसू लागल्या. निवांत बसत, हसत, भांडत. मला ते हवंच होतं. पण त्यांच्यातल्या एकीलाही रसिका ठाऊक नव्हती, आणि ते पाहताना मला फार एकटं वाटायचं.

मग एके दिवशी आर्या नावाची पहिल्या वर्षाची मुलगी काहीतरी शोधताना 'परतीची वेळ'वर पोचली. तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वर पाहिलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा वाचलं. मग सगळ्या घाणीखाली तिने आपलं पूर्ण नाव घालून लिहिलं, "ताई, तुम्ही कुठे आहात? आम्ही आता आठपर्यंत बाहेर असतो. हे तुमच्यामुळे झालं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

उत्तर यायला कितीतरी महिने गेले. आर्या मधून मधून येऊन पाहायची. एक दिवस ते आलं.

"आर्या, तुझं आज वाचलं. आमच्या इथे रेशनच्या दुकानाशेजारी सायबर कॅफे आहे, तिथून लिहिते. मुलगी बाहेर सासूबाईंच्या कडेवर रडते आहे, म्हणून थोडंच. परीक्षा राहिली. पुढे देईन म्हणते, पण तसं नुसतं म्हणतेच आहे. आई आता बोलते माझ्याशी. तुम्ही आठपर्यंत असता हे वाचून बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं, ते का ते तुला लिहायला जमत नाही. तू काय लिहितेस?"

आर्याने ते वाचलं. बोटं कळांवर ठेवली. काय लिहावं ते तिला सुचेना. उद्या नीट लिहीन, असं मैत्रिणीला म्हणून ती उठली. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी लागली, आणि त्या सुट्टीत आमच्या जागी नवे संगणक आले. शिपायाने माझी वायर काढली. आर्याने उत्तर लिहिलं का, रसिकाने ते वाचलं का, हे मला कधीच कळलं नाही. मी तेव्हापासून या खोलीत आहे.

मला दुरुस्त करा, पुसून पुन्हा टेबलावर ठेवा, असं मी म्हणत नाही. माझ्याकडून आता काही व्हायचं नाही. पण तुमच्यातही कुणीतरी असं लिहीत असेल. आपल्या खऱ्या नावाने, एका बोटाने, वेळ चोरून. व्हरांड्यात गाठून तिला हळूच शाबासकी देऊ नका. ती रसिकाला पुष्कळ मिळाली होती. तिच्या शब्दांखाली, सगळ्यांना दिसेल असं, आपलं पूर्ण नाव घालून एक ओळ लिहा. आणि लिहायचं असेल तर त्याच दिवशी लिहा.